इस्त्रीबाई आणि पानसाहेबांची टोपली

पानसाहेब शनिवारी सकाळी रान पालथं घालून घरी येत, तेव्हा तीन मजल्यांचा जिना मुद्दाम सावकाश चढत. दम लागायचा ते निराळं, पण टोपली लोकांना दिसली पाहिजे ना! पहिल्या मजल्यावरची शिंपीण मशीन थांबवून दारात यायची आणि विचारायची, "आज काय मिळालं, साहेब?" मग साहेब टोपलीवरचं फडकं दोन बोटांनी अलगद उचलत, जणू खाली तान्हं बाळ झोपलंय. शिंपीण "अगंबाई!" म्हणायची, दार लावून घ्यायची आणि आत पोट धरधरून हसायची. ते हसणं जिन्यात ऐकू यायचं. साहेबांना ते कौतुकाचं वाटायचं.

पानसाहेब हे नाव त्यांना गल्लीने ठेवलेलं. त्याआधी ते वजनमापे कार्यालयात मुख्य कारकून होते. पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासण्यात आणि त्यांवर शिक्के मारण्यात गेली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यात खोट काढली, त्याला आपलाही काटा कधी चुकत असेल हे सुचणार कुठून? निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी घरातली कपाटं लावली. मसाल्यांचे डबे वर्णानुक्रमाने मांडले. बायकोला भांडी घासण्याची योग्य पद्धत समजावून सांगितली. ती वेडी व्हायच्या बेतात असताना कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना रानातल्या खाण्याजोग्या वनस्पतींचं एक रंगीत पुस्तक मिळालं, आणि साहेब घराबाहेर पडले. ज्या माणसाला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी सापडत नसे, त्याला आता ओढ्याकाठची अळंबी सापडायला लागली.

मग थाट काय विचारता! वेताची टोपली आली, पितळी मुठीची वाकडी सुरी आली, गुडघ्यापर्यंतचे बूट आले, गळ्यात दोरीला लटकणारं भिंग आलं. एवढ्या लवाजम्यानिशी साहेब जायचे कुठे, तर पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर. घरून चालत वीस मिनिटं.

त्यांची बायको म्हणजे इस्त्रीबाई. हे नाव मात्र तिने स्वतः कमावलेलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिने एकतीस वर्षं इस्त्री केली. तळघरातली खोली, छताला घाम सुटलेले पाइप, वाफेचे दोन लांबलचक रूळ, आणि एका बाजूने आत सारलेली चादर दुसऱ्या बाजूने कागदासारखी कोरी होऊन बाहेर येणार. चादर पुरती वाळली की अजून दमट आहे हे इस्त्रीबाई हाताच्या पाठीने ओळखायच्या. तळहाताचं काही खरं नव्हतं, बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. नव्या मुली त्यांना टरकून असत. त्यांची जीभही रुळाइतकीच तापलेली असायची. एखादीने चादरीला चुणी पाडली, तर त्या म्हणत, "छान. आता यावर झोपणाऱ्याला वाटेल, आपण आधीच मेलो आणि कुणीतरी घडी घातली."

साहेबांनी पहिल्यांदा टोपली ओट्यावर ठेवून "बघ, फुकटचं सोनं!" असं म्हटलं, तेव्हा इस्त्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपलीत होता चाकवत, थोडी घोळ आणि हाताला झोंबणारा तो केसाळ पाला, जो हातमोजे घालून खुडावा लागतो. सगळे जुने ओळखीचे. लग्नात इस्त्रीबाईंनी सासरी सांगितलं होतं की वडिलांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं. दुकान कसलं नि बटणं कसली! वडील घर सोडून गेलेले. आई, ती आणि धाकटा भाऊ वीटभट्टीमागच्या एका खोलीत राहायची, आणि थंडी सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत कालव्याच्या काठाला जे उगवेल ते खायची. पहिला पगार हातात आला त्या दिवशी तिने शपथ घेतली होती, की यापुढे जे विकत मिळतं तेच खायचं. आणि आता हा माणूस, भरपेट पेन्शन घेणारा, तिची सगळी लाज टोपलीत घालून तीन मजले मिरवत वर आणत होता.

तरी पहिल्या वर्षी तिने एकदा तोंड उघडलं होतं. साहेबांनी पांढरीशुभ्र अळंबी आणली होती. इस्त्रीबाईंनी एकीच्या देठाला नख लावलं, तर तिथे पिवळाधमक डाग उठला.

"अहो, ही खाऊ नका. ओकून ओकून जीव जाईल."

साहेबांनी पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं, भिंग लावलं. "हे बघ. तंतोतंत. तुला काय कळतं गं यातलं? जन्मभर चादरींना इस्त्री केलीस."

साहेब अंघोळीला गेले तसं इस्त्रीबाईंनी अळंबी उचलली, खाली कचऱ्यात नेऊन टाकली आणि येताना कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून पेटीतली अळंबी घेऊन आल्या. लोण्यावर परतून वाढली. साहेबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "ही रानाची चव! बाजारात जन्मात मिळणार नाही." इस्त्रीबाई समोर बसून बघत राहिल्या. या माणसाला समजावण्यात अर्थ नाही आणि फसवण्यात मजा आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून सहा वर्षं हाच खेळ. साहेब आणत, इस्त्रीबाई निवडत. जे खाण्याजोगं ते ठेवायचं, बाकीचं कचऱ्यात, आणि टोपली कमी भरली असं वाटू नये म्हणून पालकाची एक जुडी मिसळायची. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच पालक बाजूला काढायची. "काय बाई, साहेब रानात गेले वाटतं?" असं विचारायची आणि दोघी हसून घ्यायच्या. दूर राहणारी लेक रविवारी फोन करायची, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आई, बाबा अजून आहेत ना?"

"आहेत. मी आहे तोवर राहतील," इस्त्रीबाई म्हणायच्या.

साहेबांना मात्र चेले मिळू लागले. कुणी निवृत्त, कुणाला वजन उतरवायचं होतं, कुणाचं नवऱ्याशी पटत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे दातांची डॉक्टरीण, जिच्या एका बुटाच्या किमतीत चार जणांचा महिन्याचा किराणा आला असता. ही मंडळी रविवारी टाकीमागच्या उतारावर वाकून वाकून पानं खुडत आणि एकमेकांना "निसर्ग किती देतो ना!" असं सांगत. निसर्ग काय देतो आणि काय नेतो हे इस्त्रीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्या चहा देत आणि आत जात. भरल्या पोटी भूक-भूक खेळणारी माणसं, असं त्या लेकीला फोनवर म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी थंडी सरता सरता साहेब घरी आले ते जिन्यातूनच ओरडत. "अगं, वाचनालयाने बोलावलंय! वर्ग घ्यायचाय! तीस जण, आठ रविवार!" वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी साहेबांचं कौतुक डॉक्टरणीच्या तोंडून ऐकलं होतं. पुढच्या रविवारी दुपारी त्या जेवायला येणार होत्या. रानातलं जेवण, साहेबांचं शिकवणं, दोन्ही बघणार आणि मग वर्ग पक्का करणार. साहेब त्या दिवशी आरशासमोर उभे राहून "मित्रहो" असं म्हणून पाहत होते. इस्त्रीबाईंनी दाराच्या फटीतून ते बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

लेकीचा फोन आला तेव्हा हे सगळं त्यांनी रंगवून रंगवून सांगितलं. 'मित्रहो'ची नक्कल करून दाखवली. लेक हसली नाही.

"आई, तू बाबांच्या मागे निवडत बसतेस म्हणून बाबा वाचतात. त्या तीस जणांच्या सिंकपाशी कोण उभं राहणार?"

"मला काय करायचंय? त्यांची पानं त्यांनी बघावी."

"बघतील कशी? त्यांना बाबा शिकवणार आहेत."

इस्त्रीबाईंनी फोन ठेवला. त्यांनी वाळलेले टॉवेल पुन्हा इस्त्रीला काढले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, त्यांनी ते लक्षात येऊ दिलं नव्हतं. सहा वर्षं त्या नवऱ्याच्या अडाणीपणाची गंमत बघत होत्या, आणि अडाणीपणा आता तीस घरांत वाटला जाणार होता.

त्यातून हे दिवस रानलसणाचे. सावलीतल्या ओल्या मातीत लांबट, हिरवीगार, मऊ पानं वर येतात, चुरगाळली की लसणासारखा वास सुटतो. त्याच सावलीत, त्याच मातीत, अगदी तशीच दिसणारी दुसरी पानं येतात. ती विष. ओळखायच्या खुणा आहेत. रानलसणाचं प्रत्येक पान आपापल्या देठावर असतं, विषारी पानं जोडीने एकाच देठातून निघतात आणि त्यांची मागची बाजू तुकतुकीत असते. पण साहेबांच्या पुस्तकात लिहिलं होतं की मुळाला धक्का लावू नये. म्हणून साहेब मूठभर पानं एकदम धरत आणि पितळी मुठीच्या सुरीने मधूनच कापत. देठाची खूण तिथेच जमिनीत राहायची. मागची बाजू बघायला मूठ सोडावी लागते. राहता राहिला वास.

आणि वासातच खरी मेख होती. पहिलं पान चुरगाळलं की लसणाचा वास बोटांना लागतो. मग दुसरं पान नाकाशी न्या, तिसरं न्या, वर्तमानपत्राचा कागद न्या, सगळ्याला लसणाचाच वास येतो. माणसाला वाटतं आपण पान हुंगतोय. तो आपलीच बोटं हुंगत असतो.

इस्त्रीबाईंची आई काही पुस्तक वाचून रानात गेली नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी अंधार पडत होता, दोन्ही पोरं रडत होती, आणि तिने शेवटच्या दोन मुठी नुसत्या हुंगून पिशवीत टाकल्या. मुलीला ताप होता म्हणून तिला नुसतं बटाट्याचं पाणी दिलं. मुलाने पोटभर खाल्लं. पाच वर्षांचा होता. दोन दिवसांनी गेला. आईने त्यानंतर कित्येक महिने हात धुतले, उगाचच, दिवसातून वीसदा, आणि लोकांना सांगितलं की पोरगा तापाने गेला. सासरीही तेच सांगितलं गेलं. पुढे कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी साहेब रानलसणाने गच्च भरलेली टोपली घेऊन आले. दुपारी ते जेवून झोपल्यावर इस्त्रीबाईंनी ओट्यावर पांढरा टॉवेल पसरला, साबणाने हात धुतले, पुसले, आणि एकेक पान उलटून बघायला बसल्या. मऊ आणि फिकट पाठीची पानं डावीकडे, तुकतुकीत उजवीकडे. शंका आली की नाकाला लावायचं, पुन्हा हात धुवायचे. दोन तास लागले. उजवीकडे एकतीस पानं जमली. एका लहान मुलाला त्यांतली पाव हिस्साही पुरेशी होती. त्यांनी ती कचऱ्यात टाकली नाहीत, कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवली.

चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. "अहो, वर्गात लोकांना हात धुवायचं सांगा बरं का. प्रत्येक वेळी."

"हात?" साहेब हसले. "स्वच्छता तर पहिल्याच रविवारी घेणार आहे. जंतू, माती, सगळं. टिपण काढलंय. वाचून दाखवू?"

"तसं नाही हो. पान हुंगायच्या आधी..."

"तू इस्पितळात होतीस म्हणून तुला जंतूंचं वेड. ऐक तर खरं." आणि साहेबांनी चष्मा लावून जंतूंवरचं दीड पान वाचून दाखवलं. इस्त्रीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. भुवया उंचावलेल्या, एक बोट हवेत, वाक्य संपलं की स्वतःशीच मान डोलावणं. त्यांच्या मनात आलं, मरू दे, याला काही सांगणं म्हणजे रुळाला गोष्ट सांगणं. त्यांनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. तिरस्काराची एक सोय असते. तो आला की आपल्याला काही करावं लागत नाही.

रविवारी टेबलावर स्वच्छ चादर घातली होती, अर्थात बिनचुणीची. उकडलेले बटाटे, अंडी, जाड ब्रेड, आणि वाडगाभर हिरवंगार वाटण: निवडलेला रानलसूण, तेल, मीठ आणि निम्मा पालक. ग्रंथपाल बाई बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या होत्या. त्यांनी इस्त्रीबाईंनाही नमस्कार केला, जे त्या घरात येणाऱ्या मंडळींच्या रिवाजात बसणारं नव्हतं. डॉक्टरीण साहेबांच्या उजव्या हाताला बसली आणि "आमचे गुरुजी" असं दोनदा म्हणाली.

"जेवणाआधी पाच मिनिटं पाठ," साहेब म्हणाले आणि बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने भरलेला जग होता, आणि जगात रानलसणाची भलीमोठी जुडी.

इस्त्रीबाईंच्या हातातलं भांडं जागच्या जागी थांबलं. ही जुडी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. साहेबांनी पाठासाठी ती कालच बाजूला काढून ठेवली होती. ताजी राहावी म्हणून.

"मित्रहो," साहेब म्हणाले. मित्र दोनच होते. "एक पान घ्या. चुरगाळा. हुंगा. लसणाचा वास आला की निर्धास्त खा. इतकं सोपं आहे."

ग्रंथपाल बाईंनी एक पान घेतलं, चुरगाळलं, हुंगलं. "अय्या, खरंच लसूण!"

"आता दुसरं."

त्यांनी दुसरं घेतलं. त्याची पाठ खिडकीच्या उजेडात चकाकली. चुरगाळलं, नाकाशी नेलं. "हो, हेही लसूणच."

"पाहिलंत? नाक कधी फसवत नाही," साहेब म्हणाले.

"कच्चं खाल्लं तर चालतं ना?" असं विचारत ग्रंथपाल बाईंनी पान ओठांशी नेलंसुद्धा.

इस्त्रीबाईंनी भांडं टाकलं. बटाटे टेबलभर पळाले. त्यांनी ग्रंथपाल बाईंचं मनगट धरलं ते असं, की रुळात जाणारा हात मागे ओढावा. "तोंडाला लावू नका. टाका ते. टाका म्हणते ना!"

"अगं! काय चाललंय तुझं?" साहेब लाल झाले. मग पाहुण्यांकडे वळून हसले. "आमच्या हिला जंतूंची..."

"तुम्ही गप्प बसा," इस्त्रीबाई म्हणाल्या. लग्नाच्या सदतीस वर्षांत पहिल्यांदा. "बाई, या इकडे. हात धुवा. साबण लावा. नखांतून सुद्धा."

ग्रंथपाल बाईंनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे सिंकपाशी गेल्या. इस्त्रीबाईंनी त्यांना कोरा टॉवेल दिला आणि जगातून तसंच तुकतुकीत पाठीचं दुसरं पान काढून दिलं. "आता हुंगा."

ग्रंथपाल बाईंनी चुरगाळलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "कसलाच वास नाही. गवतासारखा आहे फार तर."

"मघाशी तुम्ही तुमची बोटं हुंगलीत. हे विष आहे."

मग साहेब म्हणाले, "एखादं पान चुकून आलं असेल." आवाज मात्र तराजू तपासणाऱ्याचा राहिला नव्हता, पकडल्या गेलेल्या दुकानदाराचा झाला होता. इस्त्रीबाई फडताळापाशी गेल्या, पुडी आणली आणि साहेबांच्या ताटात उलटी केली.

"ही कालची. एकतीस आहेत. सहा वर्षं मी निवडतेय. तुम्ही रानाची चव म्हणून खाता ना, त्यात निम्मा पालक असतो. कोपऱ्यावरचा."

डॉक्टरणीने हळूच आपल्यापुढचा वाटणाचा वाडगा दूर सारला. गुरुजींच्या उजव्या हाताची जागा तिला एकाएकी गैरसोयीची वाटू लागली असावी, कारण ती खुर्चीसकट जराशी सरकली. "पण तुम्हाला हे कसं कळतं?" तिने विचारलं. विचारण्याचा सूर असा होता, की इस्त्री करणाऱ्या बाईला कळावंच कसं.

इस्त्रीबाईंच्या मनात चांगलं झोंबणारं उत्तर तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही. त्या साहेबांकडे बघून बोलल्या.

"माझ्या वडिलांचं दुकान नव्हतं. आम्ही हेच खाऊन जगलो. माझ्या आईने वास घेऊनच पानं आणली होती, बोटांना लसूण लागलेला असताना. माझा भाऊ तापाने नाही गेला."

ग्रंथपाल बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरणीला अचानक एका पेशंटची आठवण झाली, रविवार असूनही. जाताना तिने बूट घालायला जेवढा वेळ लावला तेवढाच वेळ ती हळहळली.

ग्रंथपाल बाई मात्र बसल्या. वाटण खाल्लं नाही, पण टेबलभर पळालेले बटाटे गोळा करून एक मिठाबरोबर खाल्ला. निघताना दारात म्हणाल्या, "वर्ग तुम्हीच घ्या ना. लोकांना याची गरज आहे."

"गरज?" इस्त्रीबाई म्हणाल्या. "ज्यांना गरज असते ते वाचनालयात नाव नोंदवून शिकत नाहीत, बाई. तुमच्या तीस जणांना सांगा, कोपऱ्यावर पालक चांगला मिळतो." मग, ती बाई तरीही उभीच आहे असं पाहून, जरा थांबून म्हणाल्या, "एक कागद लावा फळ्यावर. मोठ्या अक्षरात. प्रत्येक पानाआधी हात धुवा, आणि देठ बघितल्याशिवाय कापू नका. एवढं लावा. पुरे आहे."

दार लावून त्या मागे वळल्या. आता साहेबांची पाळी होती. सहा वर्षांचा साठा जिभेवर होता: भिंग, बूट, मित्रहो, 'तुला काय कळतं यातलं'. एकेक वाक्य कडक इस्त्री करून ठेवलेलं. आत गेल्या, तर साहेब सिंकपाशी उभे. बाह्या वर सारलेल्या. साबण लावून ते हात धूत होते, नखांतून सुद्धा. धुतले, कोऱ्या टॉवेलला पुसले. जगातलं एक पान घेतलं, उलटं करून उजेडात धरलं, चुरगाळलं, हुंगलं, डावीकडे ठेवलं. पुन्हा नळ सोडला. पुन्हा साबण. दुसरं पान, उजवीकडे. वेळ लागत होता. अख्खी जुडी व्हायची होती.

इस्त्रीबाई दारात उभ्या राहिल्या. तोंडाशी आलेली वाक्यं तिथेच अडकली, आणि त्याचा त्यांना रागही आला. एवढ्या वर्षांनी बोलायची वेळ आली, तर या माणसाने समोर पाठ केली होती, आणि ती पाठ म्हातारी दिसत होती.

"ते उजवीकडचं चौथं," त्या म्हणाल्या, "ते चांगलं आहे. डावीकडे घ्या."

साहेबांनी ते उलटून पाहिलं आणि डावीकडे घेतलं. वाद घातला नाही. पुस्तक मागितलं नाही. नळ बंद केला आणि मागे न वळता विचारलं, "तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

सदतीस वर्षांत साहेबांनी तिला हजारो प्रश्न विचारले होते. प्रत्येकाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. हा पहिलाच असा प्रश्न, जो त्यांनी ठाऊक नाही म्हणून विचारला होता.

इस्त्रीबाईंनी नाव सांगितलं. आईच्या पश्चात ते त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

साहेब वळले. ओले हात अंगापासून दूर धरून त्यांनी ते नाव एकदा सावकाश म्हणून पाहिलं आणि, बरोबर म्हटलं का, असं विचारत तिच्याकडे बघत राहिले.